योद्ध्यांची चित्रकार्डे : संग्रह आणि प्रतवारी

एखाद्या वस्तूचा संग्रह करणे आणि त्या वस्तूची प्रत ठरविणे ही दोन कामे पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून होत असली, तरी ती एका जातीची नव्हेत. संग्राहकाला वस्तूचा मोह असतो. प्रत ठरविणाऱ्याला तो असून चालत नाही. कलकत्ता शहराला हा भेद नव्याने सांगावयास नको. १८६१ साली तेथे चहाचा पहिला लिलाव झाला, आणि चहा पिकविणारा, चहा विकणारा व चहा चाखून त्याची प्रत सांगणारा असे तीन निरनिराळे इसम त्या व्यवहारात स्थिर झाले. तागाच्या गाठींचेही तसेच. माल कोणाचा आहे याकडे न पाहता मालाचा दर्जा सांगणारा तिऱ्हाईत असल्याखेरीज मोठा व्यापार चालत नाही, हे हुगळीकाठच्या या शहराने फार लवकर ओळखले होते.

तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर छापलेल्या एखाद्या मुष्टियोद्ध्याच्या किंवा मल्लाच्या चित्राला असा तिऱ्हाईत परीक्षक लाभला तो मात्र अगदी अलीकडे, १९९१ च्या सुमारास, आणि तोही अमेरिकेत. आज मिश्र युद्धकलेच्या, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, लढवय्यांची चित्रकार्डे जमविणाऱ्या कोलकात्यातील तरुणाला या परीक्षकाचा अंक फार मोलाचा वाटतो. हा अंक नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अशा कार्डांचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे कागदाची व मऊ असत. ती दबू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेईल, हे कारखानदारांच्या ध्यानी यावयास फारसा वेळ लागला नाही. १८८७ साली अमेरिकेतील ॲलन अँड जिंटर या कंपनीने ‘जगज्जेते’ या नावाने ५० कार्डांचा एक संच काढला. त्यात बेसबॉलपटूंच्या बरोबरीने जॉन एल. सलिव्हन हा मुष्टियोद्धा होता, विल्यम मुल्डून हा कुस्तीगीर होता, आणि मात्सुदा सोराकिची हा अमेरिकेत कुस्ती खेळणारा जपानी मल्लही होता. म्हणजे लढवय्याचे चित्र हे या छंदाचे नंतर फुटलेले उपांग नव्हे. ते आरंभापासूनच त्यात आहे.

हिंदुस्थानातही ही कार्डे आली. विल्स कंपनीच्या ‘सिझर्स’ छापाच्या सिगारेटी येथील बाजारासाठी, विशेषतः गोऱ्या पलटणींसाठी, पाठविल्या जात. त्यांच्या पाकिटांतून सैन्यातील पलटणी, घोडदौडीतील जॉकी, नट्या यांची चित्रे निघत आणि १९११ च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांचीही निघाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९१० रोजी, इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया कलकत्त्यात स्थापन झाली होती. पुढे चौरंगीवरील व्हर्जिनिया हाउस ही तिची इमारत शहराची एक खूण होऊन बसली. ब्रिटनमध्ये १९४० साली कागदाच्या टंचाईमुळे सिगारेटच्या पाकिटांतील चित्रे बंद झाली. तोवर घराघरांतील मुलांनी वडीलधाऱ्यांच्या रिकाम्या पाकिटांतून ती उचलून वह्यांत खळीने डकवून ठेवली होती. ही खळ पुढे संग्राहकांना फार महागात पडली.

मुष्टियोद्ध्यापासून मिश्र युद्धकलेपर्यंतचा मार्ग कोलकात्यावरून जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उत्तर कलकत्त्यातील गुहा घराण्याचा आखाडा, ज्याला महाराष्ट्रात तालीम म्हणतात तो, अंबिकाचरण गुहा यांनी नावारूपास आणला. त्यांचे नातू यतींद्रचरण, म्हणजेच गोबर गुहा (१८९२–१९७२), यांनी ऑगस्ट १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ॲड सँटेल या मल्लाला हरवून व्यावसायिक कुस्तीचे लाइट-हेवीवेट जागतिक अजिंक्यपद मिळविले. अमेरिकेच्या भूमीवर असे पद जिंकणारे ते पहिले आशियाई मल्ल गणले जातात. हा सँटेल त्याच वर्षी मार्च महिन्यात टोकियोला जाऊन कोदोकानच्या जूदोपटूंशी लढून आला होता. एका विद्येचा पटाईत दुसऱ्या विद्येच्या पटाइताशी लढला तर कोण जिंकेल, हाच मिश्र युद्धकलेचा मूळ प्रश्न आहे. आणि तो प्रश्न अंगावर घेऊन फिरणाऱ्या माणसाला बंगाली आखाड्यातल्या मल्लाने चीत केले होते. याच प्रश्नावर नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरी अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा भरली. २०१७ साली शांघाय येथे महाराष्ट्राचा भरत खंडारे तिच्या रिंगणात उतरला, आणि २०२४ साली पूजा तोमर तेथे लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

यूएफसीची कार्डे टॉप्स या जुन्या अमेरिकी कंपनीने २००९ पासून नियमाने काढली. २०२१ मध्ये हा मक्ता पॅनिनी या कंपनीकडे गेला, आणि फॅनॅटिक्सने २०२२ च्या जानेवारीत टॉप्स विकत घेतल्यावर तो २०२४ मध्ये पुन्हा टॉप्सकडे आला. या कार्डांचे माप अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असते. पुष्कळ कार्डांचा पृष्ठभाग धातूच्या वर्खासारखा चमकतो. एकाच चित्राच्या निरनिराळ्या रंगांतील आवृत्त्या काढावयाच्या, काहींवर ‘५० पैकी १२ वे’ अशा तऱ्हेचा क्रमांक घालावयाचा, काहींवर लढवय्याची स्वाक्षरी घ्यावयाची, अशी ही निर्मितीची रीत आहे. दुर्मीळता येथे काळाने आणलेली नसते. ती कारखान्यात ठरविलेली असते. लढवय्याचे पहिले कार्ड, ज्याला संग्राहक ‘रूकी’ म्हणतात, ते सर्वांत अधिक मागितले जाते.

आता प्रतवारीकडे वळू. तिचे मूळ नाण्यांच्या संग्रहात आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. त्याची कल्पना अशी होती, की ७० अंकाच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. अंक हा आरंभी सरळसरळ किंमत काढण्याचा गुणक होता, ही गोष्ट विसरता कामा नये. बाजार त्या गणिताप्रमाणे चालला नाही. अंक मात्र राहिला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएसए या संस्थेने कार्डांसाठी १ ते १० ची पट्टी घेतली. सर्वांत वरच्या प्रतीला ‘जेम मिंट’ म्हणतात. ‘मिंट’ म्हणजे टांकसाळ, तेव्हा टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखे, असा त्याचा अर्थ. कार्ड टांकसाळीत पडत नाही. पण शब्द नाण्यांबरोबर आला आणि टिकला.

परीक्षक चार गोष्टी पाहतो. पहिली, चित्र कार्डाच्या मधोमध आहे की नाही. डावी-उजवी व वरची-खालची कोरी किनार मोजतात. ती तंतोतंत सारखी असेल तर ५० : ५० म्हणतात, पीएसएच्या १० अंकासाठी समोरच्या बाजूस सुमारे ५५ : ४५ पर्यंतचा फरक चालतो, मागील बाजूस बराच अधिक चालतो. हा दोष संग्राहकाच्या हातून घडत नाही. मोठा ताव कापताना यंत्राचे पाते किंचित सरकले, की तो घडतो. तरीही त्याची शिक्षा कार्डाला भोगावी लागते. दुसरी गोष्ट कोपरे. चार कोपऱ्यांपैकी एकाचे टोक पांढरे पडले, कागदाचा तंतू सुटला, की अंक उतरतो. तिसरी गोष्ट कडा; गडद रंगाच्या कार्डावर कडेचा कण उडालेला चटकन दिसतो. चौथी गोष्ट पृष्ठभाग. ओरखडे, दाबाचे वण, बोटांचे ठसे, छपाईच्या वेळी पडलेली रेघ हे सर्व यात येते. चकचकीत कार्डावरचा बारीक ओरखडा समोरून दिसत नाही. दिव्याखाली कार्ड तिरपे धरून सावकाश फिरविले, म्हणजे तो एकदम उजळतो. दहापट मोठे दाखविणारे भिंग आणि एक चांगला दिवा एवढ्या साधनांवर कोणासही हे काम घरी करता येते, आणि कार्ड परदेशी पाठविण्यापूर्वी ते करावेच.

बेकेट ही दुसरी संस्था या चार अंगांचे चार अंक वेगवेगळे छापते. पीएसए एकच अंक देते. वाचकाला यांतील पहिली रीत अधिक प्रामाणिक वाटेल, आणि ती तशी आहेही. कारण एका अंकात चार दोष मिसळले, की कोणत्या दोषाने अंक खाल्ला हे कळेनासे होते. परीक्षण झाल्यावर कार्ड पारदर्शक, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत घालून पेटीच्या कडा जोडून टाकतात. पेटीवर चिठ्ठी, अंक व नोंदणी क्रमांक असतो. कोणत्या कार्डाच्या किती प्रती कोणत्या अंकात नोंदल्या गेल्या, याची यादीही संस्था प्रसिद्ध करते.

हा सारा डोलारा माणसाच्या डोळ्यांवर उभा आहे. तेच कार्ड पेटी फोडून पुन्हा पाठविले असता निराळा अंक मिळाल्याची उदाहरणे संग्राहकांना परिचित आहेत. साथीच्या काळात छंदाला एवढे उधाण आले, की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक नवी कार्डे स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले. जेथे डोळा हेच साधन आहे, तेथे असा ढीग साचणे ही गोष्ट परीक्षेच्या गुणवत्तेला पोषक नव्हे.

याहून गंभीर गोष्ट पीएसएच्या अगदी पहिल्या कार्डाबाबत घडली. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९–११ च्या तंबाखू संचातील कार्ड अत्यंत दुर्मीळ आहे. त्याची एक प्रत १९९१ साली ४,५१,००० डॉलरना विकली गेली. तीच पीएसएने तपासून ८ अंक देऊन पेटीबंद केली. शंभराच्या घरात वय गेलेल्या कागदाच्या कडा इतक्या धारदार कशा, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. कार्डाचा पूर्वीचा विक्रेता बिल मास्ट्रो याने अखेर २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले, की त्याने कार्डाच्या कडा छाटल्या होत्या. छाटलेल्या कार्डाला अंक देऊ नये असा नियम आहे. तेवढ्या अवधीत, २००७ साली, तेच कार्ड २८ लाख डॉलरना विकले गेले होते. कडा झिजलेल्या असत्या तर ते कार्ड निर्दोष ठरले नसते, पण खरे ठरले असते. छाटल्यामुळे ते देखणे झाले आणि खोटे झाले. प्रतवारीने स्वच्छ कडेला बक्षीस लावले, म्हणून कात्री हातात घेणारे निपजले, हे नाकारता येणार नाही.

कोलकात्यातील संग्राहकाला कात्रीची भीती कमी आणि हवेची अधिक. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथील हवेची सापेक्ष आर्द्रता वरचेवर ८० टक्क्यांच्या वर जाते. कागदाला मानवते ती पन्नासच्या आसपास. कागद हवेतील ओल शोषतो आणि फुगतो. साधा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी सारखाच फुगतो, म्हणून फारसा वाकत नाही. वर्खाच्या कार्डात एका बाजूस ओल न शोषणारा थर असतो. त्यामुळे कागद एकीकडेच पसरतो आणि कार्ड कमानीसारखे वळते. हिवाळ्यात हवा कोरडी झाली म्हणजे ते थोडेफार सरळ होते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वळते. अशा दोन-तीन ऋतूंनंतर वर्खाला बारीक भेगा पडण्याचा संभव असतो. शिवाय बुरशीचे तपकिरी ठिपके आणि कसर हे जुने शत्रू आहेतच. कसर कागदातील खळीसाठी येते, हे येथे लक्षात ठेवावे.

यावर उपाय अवघड नाहीत. कार्ड प्रथम पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पाकिटात घालावे. स्वस्त, मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाकीट टाळावे. त्यातून सुटणारी द्रव्ये छपाईला चिकटतात. मग ते ताठ आवरणात ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि पुड्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा तळमजल्यावर जमिनीवर नसावा. सप्टेंबर १९७८ च्या पुरात ज्यांची घरे पाण्यात गेली त्या कोलकातावासीयांना याचे कारण सांगावे लागत नाही. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटात शोभतात, कार्डांच्या डब्यात नव्हे. त्यांची वाफ काही जातींचे कडक प्लॅस्टिक मऊ करते, आणि कसरीपासून वाचविलेले कार्ड पेटीलाच चिकटून बसते.

असे असता, याच शहरात छापल्या गेलेल्या एका कागदाच्या तुकड्याने प्रतवारीचे सारे नियम पालथे घातले आहेत. १८५४ साली कलकत्त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानची पहिली सर्वदेशीय टपाल तिकिटे शिळाछपाईने छापली गेली. त्यांतील चार आण्यांचे तिकीट दोन रंगांचे होते : लाल चौकट व निळे राणीचे मुख. कागद यंत्रातून दोनदा काढावा लागे. ऑक्टोबर १८५४ मधील पहिल्या छपाईत काही ताव उलटे लावले गेले, आणि चौकटीत राणीचे डोके खाली आले. या चुकीच्या तिकिटाच्या आज सुमारे पंचवीस ते तीस प्रती ज्ञात आहेत. तिकिटांना तेव्हा छिद्रे नसत. लोक ती कात्रीने कापून घेत. चौकट अष्टकोनी होती, म्हणून बहुतेकांनी ती अष्टकोनीच कापली. चौकोनी कापलेल्या प्रती दोन-तीनच उरल्या. कडा हा निकष लावला तर उरलेल्या सर्व प्रती नापास होतील. तरीही संग्राहक त्यांच्यासाठी प्रचंड किंमत मोजतात, आणि छाटलेल्या प्रतीला कोणी खोटी म्हणत नाही. कारण ती पोस्टाच्या गिऱ्हाइकाने पत्राला लावण्यासाठी कापली होती, संग्राहकाला फसविण्यासाठी नव्हे.

या दोन टोकांच्या मध्ये प्रतवारीचे खरे स्थान आहे. जेथे एकाच वस्तूच्या हजारो सारख्या प्रती आहेत, तेथे ९ आणि १० यांतील केसाएवढा फरक किंमत ठरवितो. २०२१ चे यूएफसीचे साधे कार्ड हे त्या जातीचे. जेथे प्रती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, तेथे अंक मागे पडतो आणि ‘ही खरी आहे काय?’ हा एकच प्रश्न उरतो. सिझर्स छापाचे मुष्टियोद्ध्याचे कार्ड यांच्या अधेमधे कोठे तरी बसते. मागे खळीचा डाग आणि पुसट झालेला कोपरा असलेले असे कार्ड कोणास सापडले, तर त्याला २ किंवा ३ अंक मिळेल. परदेशी पाठविण्याचा खर्च, विमा, जकात आणि शुल्क यांची बेरीज कार्डाच्या किमतीपेक्षा अधिक होणार नाही ना, हे आधी पाहावे. पुष्कळदा ती अधिकच होते. अशा वेळी अंकापेक्षा खरेपणाचा दाखला पुरेसा असतो, आणि तो मिळविण्याच्या पहिल्या पायऱ्या घरीच चढता येतात.

त्या पायऱ्या अशा. भिंगाखाली चित्र पाहावे. जुन्या शिळाछपाईतील ठिपके अनियमित, हाताने टाकल्यासारखे दिसतात व सलग रंगाचे पट्टे कडेला स्वच्छ असतात. आधुनिक छापील नकलेत संपूर्ण चित्र, अक्षरेसुद्धा, सारख्या अंतराच्या ठिपक्यांच्या जाळीत विरघळलेले असते. नंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली कार्ड धरावे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात काही रसायने मिसळू लागले. ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. १९११ चा म्हणून पुढे केलेला कागद असा लखलखला, तर पुढचे बोलणे थांबवावे. न चमकणारे कार्ड जुने असेलच असे नाही, परंतु चमकणारे कार्ड १९११ चे नसते. माप घ्यावे, आणि त्याच संचातील दुसऱ्या कार्डाशी ताडून पाहावे. एका बाजूने मिलिमीटरभर कमी भरणारे कार्ड बहुधा कोणीतरी ‘सुधारलेले’ असते.

डलहौसी चौकातील, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेतील, जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात तिकिटे व नाणी विकणारे बसतात, आणि कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत कधी कधी चित्रे डकविलेली एखादी वही निघते. तशी वही हाती आली तर तिच्यातील कार्डे पाण्यात भिजवून सोडविण्याची घाई करू नये. खळ सुटते, पण तिच्याबरोबर मागच्या बाजूचा मजकूर आणि रंगाचा थरही सुटू शकतो. आणि कोणत्या मुलाने कोणत्या क्रमाने कोणता योद्धा कोणाशेजारी लावला होता, ही माहिती तर कायमचीच जाते. वही आहे तशी, पानांमध्ये आम्लरहित कागद घालून, आडवी ठेवावी. तिला अंक देणारी पट्टी अजून कोणी तयार केलेली नाही. तिच्या पहिल्या पानावर नाव, शाळा किंवा वर्ष लिहिलेले असेल, तर ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे व खोडरबर दूर ठेवावे.